तिसऱ्या ओळीतली नळी

१

ओरिन हॉगलंडच्या घरात गुरुवार हा तळघराचा दिवस. बायको आर्डिस होती तेव्हाही होता, ती गेल्यावरही राहिला. सकाळची कॉफी संपली, कप विसळून पालथा घातला, की म्हातारा जिना उतरून खाली जायचा, खुंटीवरचा चामडी एप्रन गळ्यात अडकवायचा आणि मुलीसाठी काडतुसं भरायला बसायचा.

काडतुसं विकत मिळत नव्हती असं नाही. गावातल्या दुकानात खोक्यांच्या थप्प्या लागलेल्या होत्या. पण विकतची काडतुसं म्हणजे परक्याच्या हातचं जेवण, असं ओरिनचं मत, आणि त्याचं मत बदलायच्या भानगडीत मोंटानाच्या त्या टोकाला कोणी पडत नसे. झाडून झालेल्या पितळी नळ्या मैदानावरून वेचून आणायच्या, घासून लख्ख करायच्या, बुडाची जुनी टिकली काढून नवी बसवायची, मापानं दारू सोडायची आणि वर शिशाची गोळी ठेवून टेबलाला जखडलेल्या प्रेसचा, म्हणजे दाबयंत्राचा, दांडा खाली ओढायचा. नीट सांभाळली तर एकच नळी दहा-पंधरा वेळा जगते. चाळीस वर्षं धान्याच्या कोठारावर वजनकाटा सांभाळलेल्या माणसाला हे काम मानवलं यात नवल ते काय!

या कामात एक पायरी अशी होती, की तिथे ओरिन कुणाशी अवाक्षर बोलत नसे. दारू भरलेल्या पन्नास नळ्या लाकडी ठोकळ्याच्या पन्नास भोकांत तोंड वर करून उभ्या असतात. दहा-दहाच्या पाच ओळी. गोळ्या बसवण्याआधी टॉर्च घेऊन वाकायचं आणि एकेका नळीत डोकावायचं. सगळ्यांत दारूची पातळी सारखी हवी. एखादीत दुप्पट पडली तर रिव्हॉल्व्हर फुटतं. एखादीत पडलीच नाही, तर गोळी पुढे अर्ध्या वाटेत अडकून बसते, आणि मागून दुसरी झाडली की रिव्हॉल्व्हरसकट हात जातो. म्हणून आधी ओरिन बघायचा, मग आर्डिस बघायची. चार डोळ्यांखालून गेल्याशिवाय गोळी बसवायची नाही, हा घरचा कायदा होता.

आता दोनच डोळे उरले होते आणि ऑक्टोबरात त्यांनी दगा दिला. मुलगी, मारिट, आईचं रिव्हॉल्व्हर घेऊन नेमबाजी क्लबच्या मैदानावर उभी होती. तिसऱ्या वेळी धडाका होण्याऐवजी नुसतं फुस्स झालं. तिचा कान तयार, म्हणून बोट जागच्या जागी थांबलं. दुसरं कोणी असतं तर पुन्हा चाप ओढून मोकळं झालं असतं.

त्या दिवशी ती बापाच्या स्वयंपाकघरात उभी राहून म्हणाली, "पप्पा, मी चिडलेली नाही. पण अजून एकदा असं झालं ना, तर प्रेस उचलून घेऊन जाणार. मी दुकानातली वापरीन."

ओरिननं मनात दोन्ही बाजू तोलल्या. प्रेस गेला तर एक्केचाळीस वर्षांच्या मुलीला बापाची गरज म्हणून उरणार नव्हती. आणि प्रेस राहून तिचा हात गेला असता, तर आरशात बघायची त्याची हिंमत झाली नसती. तेव्हापासून तो प्रत्येक ठोकळा दोनदा बघत होता.

२

मार्चमधला गुरुवार. शनिवारी राज्याची स्पर्धा, आणि मारिट दुपारी चारला काडतुसं न्यायला येणार होती. तळघराच्या आडव्या खिडकीतून एकचं ऊन टेबलापर्यंत आलेलं. ओरिननं पन्नासावी नळी दारू सोडणाऱ्या मापाखालून काढून ठोकळ्यात ठेवली, टॉर्च लावला आणि वाकला.

पहिली ओळ ठीक. दुसरी ठीक. तिसऱ्या ओळीतली सातवी नळी आतून काळी होती; दारूचा पत्ता नव्हता.

"च्यायला," तो पुटपुटला, "परत?" पण सापडली याचं बरंही वाटलं. त्यानं ती नळी उचलून मापाखाली धरली आणि दांडा ओढला. दारू सळसळत उतरली, तो आवाज त्याच्या कानांनी ऐकला. परत ठोकळ्यात ठेवून टॉर्च मारला.

काळीच.

म्हातारपणी माणूस स्वतःवर आधी संशय घेतो. ओरिननं चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग ती नळी एका वाटीवर उपडी केली. घातलेलं माप बाहेर पडायला हवं होतं. एक कण पडला नाही. बोटानं टिचक्या मारल्या. काही नाही. हवा कोरडी आहे, दारू आत चिकटली असेल, त्यानं मनाची समजूत घातली. हिवाळ्यात असं होतं. मग कानामागची पेन्सिल काढून त्यानं आत खरवडायला घातली.

अडतीस कॅलिबरची नळी अंगठ्याच्या पेराहून जेमतेम मोठी. पेन्सिल आत गेली, अर्धी गेली, खोडरबरापर्यंत गेली. दचकून ओरिनची चिमूट सुटली आणि पेन्सिल दिसेनाशी झाली.

त्यानं नळी उचलून बूड बघितलं. बूड जागच्या जागी होतं. मधोमध टिकली बसवलेली, त्यानं सकाळीच बसवलेली, चकचकीत. ठोकळा उचलून खाली बघितलं. टेबलाखाली गुडघे टेकून बघितलं. उठताना गुडघा कटकन वाजला तेवढाच आवाज. पेन्सिल कुठेतरी पडल्याचा आवाज त्याला अजून आलेला नव्हता, आणि आपण त्याचीच वाट बघतोय हे त्याला जरा वेळानं कळलं.

३

भीती वाटायला हवी होती. वाटलीही, पण तिच्या आधी दुसरंच काहीतरी वाटलं, आणि ते काय होतं हे त्याला पटकन सांगता आलं नसतं. चर्चमध्ये शिरताना हात आपोआप टोपीकडे जातो, तसा त्याचा हात टोपीकडे गेला.

नळी कानाशी धरली तर आत वारा होता. गावाबाहेर पडलं की मैलन्‌मैल सपाट माळ लागतो. तिथे गाडी बंद करून उभं राहिलं की वारा कशालाही न अडता लांबून येतोय असं कळतं. तसा वारा. पितळ बोटांना गार लागत होतं.

त्यानं ती परत तिच्या भोकात ठेवली, डोळा तिच्या तोंडाला लावला. खूप खाली, विहिरीच्या तळाशी चांदणी दिसावी तसा एक ठिपका होता. टॉर्चचंच प्रतिबिंब, त्याची अक्कल म्हणाली. त्यानं टॉर्च विझवला. ठिपका राहिला. थोड्या वेळानं तो बाजूला सरकला, थांबला, आणखी सरकला, थांबला. ओळीनं चालला होता. घाई नव्हती त्याला. कोणीतरी मन लावून काम करत होतं.

ओरिनच्या डोळ्यांत पाणी आलं. का, ते त्याला कळेना. एवढीशी नळी, आणि आत किती जागा! त्र्याहत्तर वर्षं आपण ज्यात वावरलो ते सगळं घर, कोठार, रेल्वेचे रूळ, माळ, हे सगळं तिथे ठेवलं तर एका कोपऱ्यातही दिसणार नाही, असं त्याला आतून वाटलं.

संशयाची नळी ठोकळ्यात उलटी ठेवायची, म्हणजे चुकून तिच्यावर गोळी बसत नाही. हे प्रत्येक भरणाऱ्याला पहिल्या दिवशी शिकवतात. ओरिननं स्वतः निम्म्या गावाला शिकवलं होतं. त्यानं ती उलटी करायला हात पुढे केला, पण हात धजेना. त्या तसल्या जागेला डोक्यावर उभं करायचं? म्हणून ती सुलटीच राहिली.

तेवढ्यात वर स्वयंपाकघरातला फोन वाजायला लागला. फोन मारिटचा होता.

"पप्पा, शाळेतल्या पोरांना सोडून बस लावली की थेट येते. झाली ना काडतुसं?"

"होत आली." तो थांबला. "मारिट, समजा एखाद्या नळीला... तळ दिसत नसेल, तर?"

"म्हणजे? दारू राहिली का भरायची?"

"तसं नाही. भरली तरी दिसत नाही."

पलीकडे मारिटचा आवाज हळू झाला.

"पप्पा, जेवलात का तुम्ही?"

"जेवलो."

"काय जेवलात?"

तिचा रोख त्याच्या ध्यानात आला. आर्डिसच्या शेवटच्या वर्षात तो स्वतः आर्डिसला असेच प्रश्न विचारायचा. "हरणाचं सॉसेज आणि दोन बटाटे," तो चिडून म्हणाला. "आणि आज गुरुवार आहे, आणि तुझं नाव मारिट. आता ठेव फोन."

४

तो खाली आला तेव्हा त्याच्या स्टुलावर व्हर्ल बसलेला होता. व्हर्ल हा पलीकडच्या गल्लीतला. आर्डिससकट तिघं पन्नास वर्षं एकत्र नेम धरत आलेले. तळघराच्या मागच्या दारानं न विचारता येणं हा त्याचा जन्मसिद्ध हक्क होता.

"काय रे म्हाताऱ्या," व्हर्ल म्हणाला, "दारू उघडी टाकून फोनवर गप्पा? दुसऱ्या कोणी केलं असतं तर तू त्याला क्लबातून हाकलला असतास."

"व्हर्ल, तू काय केलंस?"

"काय करणार? लाज राखली तुझी. टॉर्च मारला, पन्नासच्या पन्नास बघितल्या, गोळ्या बसवून टाकल्या." त्यानं टेबलावरचं खोकं थोपटलं. आत पन्नास काडतुसं ओळीनं, एकसारखी, चकचकीत. "आभार मान, लेका."

व्हर्लची चूक तरी काय? भरलेला ठोकळा उघडा दिसला की भरणारा माणूस तो बंद केल्याशिवाय राहत नाही. ठोकळ्यात एकही नळी उलटी नव्हती, म्हणजे एकाही नळीवर संशय नव्हता. ओरिन त्याच्या जागी असता तर त्यानं हेच केलं असतं.

"तिसरी ओळ," ओरिन म्हणाला. "सातवी. तिच्यात काय दिसलं?"

"दारू दिसली. आर्डिस दिसायला हवी होती का?" व्हर्ल हसला, मग ओरिनचा चेहरा बघून हसायचा थांबला. "अरे, सगळ्यांत सारखी होती. डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून मला माळावरचे ससे मोजता येतात. तुझं काय बिनसलंय?"

"खोक्यात कशा क्रमानं ठेवल्यास?"

"क्रमानं? हाताला लागतील तशा ठेवल्या. काडतुसं आहेत ती, वर्गातली पोरं नव्हेत."

ओरिननं त्याला घरी पाठवलं. कसं पाठवलं ते त्यालाही आठवेना. व्हर्ल जाताना दारात थांबून म्हणाला, "ओरिन, थोडी झोप काढ बरं का." तो हे प्रेमानं म्हणाला, आणि तेच जास्त लागलं.

५

आता तराजू. ओरिननं एकेक काडतूस काट्यावर ठेवलं. उपयोग होणार नाही हे त्याला ठेवायच्या आधीच माहीत होतं. नळ्यानळ्यांच्या वजनात जो फरक असतो तो आतल्या दारूच्या मापाहून मोठा भरतो. रिकामं काडतूस काट्यावर पकडता येत नाही. चाळीस वर्षं काट्यावर विश्वास ठेवलेल्या माणसाला काट्यानं हात वर करून दाखवले.

दोन वाटा होत्या. व्हर्लचे डोळे खरे मानायचे, खोकं मारिटच्या हातात द्यायचं आणि गप्प बसायचं. मग शनिवारी तिचा हात त्या नळीवर जाणार. तिच्यात दारू नसली तर काय होतं ते ठरलेलंच होतं. आणि त्यानं पाहिलं होतं ते आत असलं, तर ते तिच्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर उघडणार होतं. नाहीतर पन्नासच्या पन्नास फोडायची.

त्यानं फळीवरची पोकळ डोक्याची हातोडी काढली. काडतूस तिच्या डोक्यात अडकवायचं आणि लाकडावर आपटायचं. दोन-तीन ठोक्यांत गोळी सुटते आणि दारूसकट डोक्याच्या पोकळीत पडते. ठक्. ठक्. ठक्. ती वाटीत ओतायची, नळीत टॉर्चनं बघायचं, बाजूला ठेवायची. तळ दिसला. दुसरं. तळ दिसला. पितळेचा तो साधा, गोल, मळकट तळ बघून त्याला एवढं हायसं वाटेल असं कधी वाटलं नव्हतं.

तिसावं झालं तेव्हा जिन्यावर पावलं वाजली.

मारिट शेवटच्या पायरीवर उभी होती, अंगात बसवाल्यांचं पिवळं जाकीट. तिनं फोडलेल्या नळ्या बघितल्या, वाटीतली दारू बघितली, बापाच्या हातातल्या हातोडीकडे बघितलं.

"पप्पा, हे काय?"

त्यानं सांगितलं. पेन्सिल, वारा, ठिपका, सगळं सांगितलं. सांगताना स्वतःच्याच कानांना ते कसं लागतंय हे त्याला ऐकू येत होतं, तरी त्यानं काही गाळलं नाही. शेवटी म्हणाला, "मला वेड लागलं असेल. लागलं असेल तर प्रेस घेऊन जा. पण ही वीस फोडल्याशिवाय तुला हात लावू देणार नाही."

मारिटनं जाकीट काढलं. आईचं स्टूल ओढून समोर बसली आणि हातोडी त्याच्या हातातून घेतली.

"मी ठोकते," ती म्हणाली. "तुम्ही बघा. मग मी बघीन. चार डोळे."

६

चव्वेचाळिसाव्याला गोळी पहिल्याच ठोक्यात सुटली. मारिटनं हातोडी वाटीवर उपडी केली. दारू पडली नाही. नुसती गोळी पडली, आणि तिच्यावर पांढरं दव गोठलेलं होतं. गोळीला हात लावायचं दोघांनाही सुचलं नाही.

तळघरात वारा सुटल्यासारखा आवाज यायला लागला. खिडकी बंद होती. मारिटनं नळी हातोडीतून सोडवून टेबलावर उभी केली. टॉर्च ओरिनच्या हातात होता, पण तो लावायची गरज पडली नाही. नळीच्या तोंडातून उजेड येत होता.

"मारिट, थांब," ओरिन म्हणाला.

ती वाकली होती. नाण्याएवढा उजेड तिच्या हनुवटीवर पडला, ओठांवरून वर गेला, डोळ्यांवर थांबला. तिचा चेहरा असा ओरिननं फक्त एकदा पाहिला होता. ती चार वर्षांची असताना तिला पहाटे अंगणात नेऊन त्यानं आकाशात हिरवा प्रकाश लहरताना दाखवला होता, तेव्हा.

"पप्पा," ती कुजबुजली. "तुमचं खरं होतं."

हेच शब्द ऐकायला तो दुपारपासून तडफडत होता. आता ते ऐकू आले आणि त्याचं तिकडे लक्षही नव्हतं. तो उजेडाकडे बघत होता. उजेड तिच्या चेहऱ्यावरून पुढे सरकला, टेबलाच्या कडेला गेला. ओरिननं श्वास सोडला. मग उजेड थांबला आणि मागे वळला. परत तिच्या चेहऱ्यावर आला आणि तिथेच राहिला.

आयुष्यात हजारो ठोकळे ओरिनच्या नजरेखालून गेले होते. नजर पुढे जाऊन परत मागे येते ती एखादी नळी वेगळी दिसली तरच, हे त्याच्याइतकं कोणाला माहीत असणार?

त्यानं तिला खांद्यानं बाजूला सारलं. सारताना त्याचा डोळा नळीवरून गेला, निमिषभरच. उजेडामागे चेहरा दिसला नाही. वाकणं तेवढं दिसलं. कोणीतरी, ज्याच्या खांद्यांना कड नव्हती, फार काळजीपूर्वक वाकलेलं होतं, आणि आणखी खाली वाकत होतं. ओरिनचे गुडघे आपोआप टेकायला निघाले. टेकले असते तर तो उठला नसता. मुलगी शेजारी होती म्हणून तो उभा राहिला.

तळवा नळीच्या तोंडावर दाबून त्यानं ती प्रेसमध्ये सरकवली, एक गोळी ठेवली आणि दोन्ही हातांनी दांडा खाली ओढला. वारा बंद पडला. टेबलावर एक काडतूस होतं, इतर कुठल्याही काडतुसासारखं.

७

"आणखी एकदा, पप्पा," मारिट म्हणाली. "एकदाच. परत फोडू ते."

"नाही."

"केवढं मोठं आहे ते! आणि किती मायेनं बघतं. तुम्ही बघितलंत ना?"

"बघितलं." ओरिननं पाना घेतला आणि प्रेसचे बोल्ट सैल करायला लागला. चारही बोल्ट त्यानं आणि आर्डिसनं मिळून बसवले होते. हलता हलेनात.

"हे काय करताय? प्रेस कशाला काढताय? तुमची चूक नव्हती! तुमची नजर शाबूत आहे, डोकं शाबूत आहे. मी प्रेस नेणार नाही, मी चुकले."

"नेणार आहेस. आत्ता, माझ्यासमोर. आणि वाटेत नदीच्या पुलावर गाडी थांबवून पाण्यात टाकणार आहेस."

"पण तुमचं खरं होतं ना!"

"म्हणूनच," तो म्हणाला. "यापुढे या घरात कोणी नळीत डोकावायचं नाही."

ती रडवेली झाली. त्याचंही काही फार बरं चाललं नव्हतं. पण तिची नजर सारखी त्या काडतुसाकडे वळत होती, ऐकलेली हाक परत ऐकू येते का बघावं तशी. ओरिननं काडतूस शर्टाच्या खिशात टाकून बटण लावलं. शेवटचा बोल्ट सुटला. टेबलाला चार भोकं उरली, आणि त्याला वाटलं होतं तेवढंच ते वाईट दिसलं.

प्रेस दोघांनी मिळून मागच्या दारानं बाहेर नेला. साडेपाचचं ऊन घराच्या भिंतींवर तिरपं पडलेलं. मारिटनं गाडीचा मागचा फाळका लावला आणि निरोप घ्यायला वळली.

ऊन तिच्या कपाळावर होतं, गालावर होतं. आणि हनुवटीच्या खाली, गळ्याशी, जिथे सावली पडायला हवी होती, तिथेही नाण्याएवढा उजेड होता. बर्फावरून उलटला असेल, ओरिन मनाशी म्हणाला. मार्चात असं होतं. त्यानं खाली बघितलं. बर्फ सोमवारीच वितळला होता. अंगणात नुसता काळा चिखल होता.

"काय झालं, पप्पा?"

"काही नाही. इकडे ये जरा."

ती आली. त्यानं आपला रुंद, खरखरीत पंजा तिच्या हनुवटीखाली धरला. उजेड त्याच्या हाताच्या पाठीवर पडला आणि तिथेच थांबला. हात गार पडत चालला, बोटं सुन्न व्हायला लागली. मारिट गोंधळून हसली आणि म्हणाली, "पप्पा, मला निघायला हवं."

"हो, निघ," ओरिन म्हणाला, आणि हात त्यानं तसाच धरून ठेवला.